लेकराला सुई टोचताना आईला बाहेर का पाठवतात?

दुधनाकाठ (परभणी जिल्हा)

नमस्कार. माझा मुलगा आता चार वर्षांचा असून त्याची प्रकृती उत्तम आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाच्या जिवाला घोर लागणार नाही. त्याचा जन्म तेहतिसाव्या आठवड्यात झाला, वजन १ किलो ६०० ग्रॅम भरले आणि त्याला एकोणीस दिवस एसएनसीयूमध्ये (नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात), म्हणजे आमच्याकडे ज्याला सरसकट 'काचेची पेटी' म्हणतात तिथे, ठेवावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी माझे लेकरू वाचवले. ते उपकार मी विसरलेले नाही, म्हणूनच हे लिहायला मला चार वर्षे लागली.

रक्त घ्यायचे असो, सलाईनची सुई बदलायची असो की दुधाची नळी घालायची असो, दर वेळी एकच वाक्य कानावर येई: "आई, तुम्ही जरा बाहेर थांबा." मी बाहेर थांबत असे. दाराला एक छोटी काच होती आणि तिच्यातून त्याचा चेहरा कधीच दिसत नसे. दिसे ती सिस्टरची पाठ आणि त्या पाठीआडून हवेत ताठ झालेला एक पाय. शीर सापडली नाही की हे कितीतरी वेळ चाले. नवव्या दिवशी त्याला पहिल्यांदा माझ्या छातीशी दिले तेव्हा मी मोजा काढून त्याची टाच पाहिली. टाचेच्या दोन्ही कडांना खसखशीएवढे काळपट ठिपके होते. मी ते मोजले. डाव्या टाचेवर चौदा आणि उजव्या टाचेवर अकरा होते. हाताच्या पाठीवर चिकटपट्टी ओढून काढल्यामुळे कातडीही सोलवटली होती.

घरी आल्यावर कित्येक आठवडे, न्हाऊ घालताना त्याच्या पायाला नुसता हात लागला तरी तो पाय पोटाशी ओढून घेई आणि रडू लागे. सासूबाई म्हणत, "लेकराला टोचल्याचं ध्यान आहे." तेव्हा मी ते मनावर घेतले नव्हते.

आता माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला आहे, जुळे आहे, आणि बाळंतपण लवकर होऊ शकते असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. म्हणून या विषयातल्या जाणकारांना विचारते. इतक्या लहान बाळाला खरोखर किती दुखते, ते कमी करण्यासाठी काय करता येते, आणि सरकारी दवाखान्यात भांडण वाटणार नाही अशा रीतीने एखाद्या आईने नेमके काय मागावे?

मांजराकाठ (बालरोगतज्ज्ञ, लातूर)

ताई, तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर होते.

मी शिकत होतो तेव्हा वरिष्ठांकडून एक समजूत सहज आमच्याकडे आली होती, ती अशी की इतक्या लहान बाळाच्या मज्जातंतूंची वाढ पूर्ण झालेली नसते, त्यामुळे त्याला वेदना फारशी कळत नाही आणि कळली तरी ती लक्षात राहत नाही. या समजुतीचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. गर्भधारणेपासून मोजून पंचवीस आठवडे झालेल्या बाळाच्या टाचेला टोचले तरी त्याच्या मेंदूच्या बाह्य थरात प्रतिसाद उमटतो, हे मोजून पाहिलेले आहे. २०१५ साली ऑक्सफर्डमध्ये पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांच्या आणि प्रौढांच्या मेंदूचे एमआरआय तंत्राने चित्रण करून तुलना केली गेली, तेव्हा वेदनेच्या वेळी प्रौढांच्या मेंदूतील जे वीस भाग जागे होतात त्यांपैकी अठरा भाग बाळांच्याही मेंदूत जागे झालेले आढळले. उलट वेदना आवरणारी, मेंदूकडून खाली मज्जारज्जूकडे येणारी जी यंत्रणा तुमच्या-माझ्या शरीरात असते, ती बाळात, विशेषतः दिवस न भरलेल्या बाळात, अपुरी असते. म्हणजे बाळ जितके लहान तितका त्याचा बचाव कमी.

या समजुतीचा इतिहास वाचला की आजही अंगावर काटा येतो. १९८० च्या दशकापर्यंत जगातील नामांकित रुग्णालयांतही दिवस न भरलेल्या बाळांच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया स्नायू शिथिल करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड एवढ्यावरच उरकली जात असे. बाळ हालचाल करत नसे, म्हणून त्याला त्रास होत नाही असे मानले जाई. याला शास्त्रीय धक्का दिला तो एका भारतीय डॉक्टरने. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, अशा बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिले तर शरीरातील ताणाची संप्रेरके कमी वाढतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांना भूल आणि वेदनाशमन नाकारू नये अशी भूमिका जाहीर केली.

आता तुमच्या मुलाने ओढून घेतलेल्या पायाकडे येतो. मधुमेह असलेल्या मातांच्या बाळांची रक्तातली साखर पहिल्या दिवसापासून वारंवार टाच टोचून तपासावी लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात असे दिसले की, ही बाळे नंतर रक्त घेण्याआधी नुसती कातडी पुसली जात असतानाच चेहरा आक्रसू लागतात, आणि प्रत्यक्ष सुईच्या वेळीही त्यांना इतर बाळांपेक्षा जास्त दुखते. पूर्ण दिवसांची, एक-दोन दिवस वयाची बाळे होती ती. त्याआधी १९९७ मध्ये त्याच गटाने दाखवले होते की, बधिरता न आणता सुंता झालेली मुले चौथ्या-सहाव्या महिन्यातल्या लसीच्या वेळी अधिक रडतात. बाळाला प्रसंग आठवत नसेल, परंतु त्याचे शरीर तो जपून ठेवते.

तुम्ही ठिपके मोजलेत. पॅरिस परिसरातील डॉक्टरांनीही असेच मोजले होते. ४३० बाळांच्या पहिल्या चौदा दिवसांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि २००८ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. दर बाळामागे दिवसाला दहाच्या आसपास वेदनादायक प्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के प्रक्रियांच्या वेळी त्या प्रक्रियेसाठी म्हणून वेदना कमी करणारा कोणताही उपाय केला गेला नव्हता. तेव्हा ही उणीव केवळ आपल्या जिल्ह्यांची आहे असे समजून कोणी स्वतःला दोष देऊ नये, आणि त्याच कारणाने तिच्याकडे दुर्लक्षही करू नये.

रात्रपाळी (अधिपरिचारिका, एसएनसीयू)

दुधनाकाठ ताई, काचेतून जी पाठ तुम्हाला दिसत होती, तशी एक पाठ माझीही आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी द्यायला हवे.

आईला बाहेर का पाठवतो, हे प्रामाणिकपणे सांगते. पहिले कारण जंतुसंसर्गाची भीती. कक्षात जितकी ये-जा कमी तितके बरे, असे आम्हाला सुरुवातीपासून शिकवलेले असते. दुसरे कारण असे की बाळंतीण अशक्त असते, रक्त पाहून घेरी येते, आणि तिला सावरायला त्या वेळी कोणी मोकळे नसते. तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही. शीर सापडत नसताना आई समोर उभी राहून रडत असेल, तर आमचा हात थरथरतो. एका पाळीत इतकी बाळे असतात की पुढच्या बाळाचे दूध, त्यापुढच्याचे इंजेक्शन आणि दारात नव्याने आलेले बाळ, हे सगळे डोक्यात चालू असते. अशा वेळी "बाहेर थांबा" हे वाक्य तोंडातून आपोआप निघते.

माझे मत बदलले ते एका रात्रीने. अडीचच्या सुमारास एका बाळाची साखर तपासायची होती आणि ते आईच्या छातीवर कांगारू पद्धतीने, उघड्या अंगाला उघडे अंग लागून, शांत झोपले होते. त्या माउलीला कितीतरी वेळाने डोळा लागला होता. दोघांना उठवणे जिवावर आले, म्हणून मी चादरीच्या कडेने बाळाचा पाय तेवढा बाहेर घेतला आणि तिथेच टाचेच्या बाहेरच्या कडेला टोचले. बाळाने भुवया आवळल्या, तोंडातून एक बारीक आवाज काढला आणि दुसऱ्या श्वासाला त्याचा चेहरा पुन्हा मोकळा झाला. पहिल्याच थेंबात साखरेचा आकडा मिळाला. मॉनिटरवरचे ठोके जेवढे चढले होते तेवढे लगेच उतरले. त्याच बाळाची साखर मी संध्याकाळी वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या खाटेवर) घेतली होती, तेव्हा ते निळे पडेपर्यंत रडले होते.

तेव्हापासून मी जे करते ते लिहिते. बाळ दूध ओढू शकत असेल तर टोचण्याआधी त्याला आईच्या अंगावर लावते, ते नीट चोखू लागले की मगच सुई, आणि सुई निघाल्यावरही पिणे चालू राहू देते. ओढू शकत नसेल तर आईने वाटीत काढलेल्या दुधाचे थेंब जिभेवर सोडते. आई जवळ नसेल आणि डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेच्या द्रावणाचे, थेंब देते. एक मिलिलिटरच्या सिरिंजची सुई काढून टाकायची आणि जिभेच्या टोकावर अगदी थोडे थोडे सोडायचे. इथे दोन चुका नेहमी होतात. थेंब दिल्याबरोबर लगेच टोचले तर काही उपयोग नाही, घड्याळाकडे बघून दोन मिनिटे थांबावे लागते. आणि ते पोटातल्या नळीतून दिले तरी उपयोग नाही, कारण त्याचे काम जिभेवरच्या गोडीतून होते.

टोचायचे ते टाचेच्या कडेला, मधोमध नाही. स्प्रिंगची लॅन्सेट (टाच टोचण्याची छोटी टोचणी) असेल तर ती वापरावी, साधी सुई खोल जाते. टाच दाबून दाबून पिळणे हे टोचण्यापेक्षा अधिक दुखते. रक्त जास्त हवे असेल तर टाच पिळत बसण्यापेक्षा निष्णात हाताने शिरेतून घेतलेले बाळाला कमी त्रासाचे होते. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर मी सुई खाली ठेवते आणि दुसऱ्या सिस्टरला हाक मारते. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चिकटपट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवून, कातडीला समांतर ओढत हळूहळू सोडवावी लागते. ताई, तुमच्या बाळाच्या हाताचे वाचून मला फार वाईट वाटले.

आता मुख्य गोष्ट. बाळाचे हातपाय पोटाशी दुमडून, एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर ठेवून, ते गर्भात असते तसे धरून ठेवले तर त्याला खूप आधार मिळतो. पण माझे दोन्ही हात सुईत गुंतलेले असतात. आई बाहेर असली तर हे दुसरे दोन हात मला कुठूनच मिळत नाहीत.

जुनी ओसरी (धाराशिव)

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे आणि तीन नातवंडांचा आजोबा आहे. वरचे सर्व लक्षपूर्वक वाचले. दोन शंका विचारतो, त्यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही.

पहिली शंका अशी की, प्रत्येक आई उपचाराच्या वेळी आत थांबू लागली आणि तिच्यामागून नातेवाईकही आत शिरू लागले, तर डॉक्टर-सिस्टरांशी वाद वाढणार नाहीत का? आपल्याकडे दवाखान्यात एका बाळंतिणीबरोबर अर्धे गाव येते, हे आपण सर्व जाणतो. दुसरी शंका गोड थेंबांविषयी आहे. आमच्या घरी जन्मल्याबरोबर बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत होती. साखरेच्या पाण्याने दुखणे कमी होत असेल, तर जुन्या माणसांचा मध काय वाईट होता?

मांजराकाठ (बालरोगतज्ज्ञ, लातूर)

काका, दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात बोट्युलिझम घडवणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांची वाढ होत नाही, परंतु तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडू शकते. गोड थेंबांचा उपाय हा फक्त दवाखान्यात, ठरावीक मात्रेत, ठरावीक प्रक्रियेपुरता आहे. घरी बाळ रडले की साखरपाणी, गुटी किंवा मध चाटवणे, हा त्याचा अर्थ कोणीही घेऊ नये.

पहिली शंका रास्त आहे. मात्र नियम करायचा तो आईला आत घेण्याचा आणि बाकीच्यांना बाहेर ठेवण्याचा. आपण उलट करतो, म्हणजे भेटीच्या वेळी सगळ्यांना बाळ दाखवतो आणि सुईच्या वेळी आईलाच बाहेर काढतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली कुटुंब सहभागी काळजीची मार्गदर्शिका काढली आहे. हात धुणे, गाऊन घालणे, बाळाला हाताळणे हे शिकवून आई-वडिलांना एसएनसीयूमध्ये बाळाच्या सेवेत सामील करून घ्यावे, असा तिचा गाभा आहे. त्यामुळे आईने आत थांबण्याची परवानगी मागितली तर ती काही जगावेगळे मागत नाही.

वाडीवस्ती (आशा कार्यकर्ती, हिंगोली जिल्हा)

एसएनसीयूतून सुटी झाल्यावर बाळ माझ्याकडे येते, म्हणून लसीकरणाविषयी थोडे लिहिते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाळाच्या घरी आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. बेचाळिसावा दिवस म्हणजे दीड महिन्याच्या लसींची वेळ. त्या दिवशी अंगणवाडीत एका बाळाच्या रडण्याने दुसरी बाळे रडू लागतात आणि आया बाळाचे तोंड दुसरीकडे फिरवून स्वतःही डोळे मिटून घेतात.

पूर्वी आम्ही सांगत असू की सुईच्या वेळी बाळाला पाजू नका, ठसका लागेल. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी हे बंद करायला लावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेळच्या वेदनेबाबत ज्या सूचना दिल्या, त्यांत पाजता पाजता लस देणे आहे, बाळाला आडवे न ठेवता आईने मांडीवर धरणे आहे, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येते का ते न पाहणे आहे, आणि जास्त झोंबणारी लस शेवटी देणे आहे. आमच्याकडे आता आधी तोंडाने द्यायचे लसीचे थेंब होतात, मग बाळ अंगावर लावले जाते आणि मग मांडीत सुई दिली जाते. याला एक पैसाही खर्च येत नाही, फक्त आईला पदर घेऊन बसायला एक आडोशाची जागा लागते. आमच्या अंगणवाडीत मी जुने लुगडे दोरीवर टाकून तो केला आहे.

गेल्या वर्षी ऊसतोडीहून परतलेली एक आई दुसऱ्या डोससाठी बाळ आणायला तयार नव्हती. पहिल्या वेळी ते इतके रडले होते की तिच्या मनात भीती बसली होती. मी तिला म्हटले, या वेळी तू त्याला पाजत राहा आणि मी सांगेपर्यंत सोडू नको. बाळ रडले, पण पाच-सहा श्वासांपुरते. तिसऱ्या डोसला ती स्वतःहून आली.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर)

माझी मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. सुयांविषयी वर पुष्कळ आले आहे. मी डोळ्यांच्या तपासणीविषयी लिहिते, कारण तिची कल्पना आम्हाला कोणी आधी दिली नव्हती.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा तपासावाच लागतो, आणि पहिली तपासणी बाळ महिन्याचे होण्याच्या आत व्हावी लागते. फार लहान बाळांची त्याहून आधी. ती टाळली तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे पुढे मी जे लिहिते आहे ते वाचून कोणी तपासणी चुकवू नये. पापण्या उघड्या ठेवण्यासाठी तारेचा एक लहान चिमटा लावतात आणि आत प्रकाश टाकून पडदा पाहतात. पहिल्या वेळी ती इतकी आक्रसली की श्वास थांबून ऑक्सिजन द्यावा लागला. पुढच्या वेळी वेगळ्या सिस्टर होत्या. त्यांनी बधिर करणारे थेंब घातल्यावर पुरेसा वेळ जाऊ दिला, मुलीला दुपट्यात हात छातीवर येतील असे गुंडाळले, कक्षातला दिवा मंद केला आणि मला तिच्या डोक्याशी उभे करून माझ्या दुधाचे थेंब तिच्या जिभेवर सोडायला सांगितले. ती रडली, पण श्वास चुकला नाही. डॉक्टर आणि चिमटा दोन्ही वेळी तेच होते.

माझा प्रश्न असा आहे की, वेदना जर खरोखर होते, तर बाळांना सरळ चांगले वेदनाशामक औषध का देत नाहीत?

मांजराकाठ (बालरोगतज्ज्ञ, लातूर)

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण उत्साहाच्या भरात उलट टोकाला जाण्याचाही धोका असतो. शस्त्रक्रियेत भूल आणि त्यानंतर वेदनाशामक हे दिलेच पाहिजे, त्याबद्दल आज दुमत नाही. पण रोजच्या टोचण्यासाठी तीव्र औषध परवडत नाही. डोळ्यांच्या तपासणीआधी तोंडाने मॉर्फिन देऊन पाहण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये झाला. बाळांच्या श्वसनावर परिणाम होऊ लागल्याने तो मध्येच थांबवावा लागला आणि वेदनाही कमी झाल्याचे दिसले नाही. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पॅरासिटामॉल टाचेच्या टोचणीसाठी उपयोगी पडत नाही. बधिर करणारे मलमही टाचेवर काम करत नाही. मणक्यातले पाणी काढताना ते तासभर आधी लावले तर मदत होते, मात्र फार लहान बाळात ते पुन्हा पुन्हा वापरले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते.

गोड थेंबांविषयीही एक सावधगिरी सांगतो. ७४ अभ्यासांतील सात हजारांवर बाळांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला आणि टाच टोचणे, शिरेतून रक्त घेणे, इंजेक्शन यांसाठी थेंबांचा फायदा स्पष्ट दिसला. परंतु २०१० मध्ये मेंदूतील विद्युत लहरी मोजणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले होते की, थेंब दिलेल्या बाळाचा चेहरा शांत दिसतो, तरी मेंदूतला प्रतिसाद तसाच राहतो. हा वाद मिटलेला नाही. म्हणून मी माझ्या कक्षात थेंबांना शेवटची जागा देतो. आधी स्तनपान, मग आईच्या अंगाची ऊब, मग दुमडून धरणे, आणि यांतले काहीच शक्य नसेल तर थेंब. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आईच्या उघड्या छातीवर असताना टाच टोचलेल्या बाळांचे रडणे ८२ टक्क्यांनी कमी झाले होते. हळुवार कुरवाळण्याचाही परिणाम मोजला गेला आहे. सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटर या गतीने कातडीवरून हात फिरवल्यास मेंदूतला वेदनेचा प्रतिसादच कमी होतो. आपल्या आया-आज्या बाळाच्या अंगावरून हात फिरवतात तो साधारण याच गतीने.

आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे टोचणेच कमी करणे. दीड किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सव्वाशे-दीडशे मिलिलिटरच रक्त असते. सकाळी एक, दुपारी एक अशा तपासण्या लिहिण्याऐवजी त्या एकाच वेळी घ्याव्यात, काविळीसाठी कातडीवर टेकवायचे यंत्र उपलब्ध असेल तर आधी ते वापरावे, आणि प्रत्येक तपासणी लिहिताना 'याच्या उत्तराने माझा उपचार बदलणार आहे का' असे डॉक्टरने स्वतःला विचारावे. ही जबाबदारी आमची आहे, सिस्टरांची नाही.

जाता जाता पालकांसाठी एक खूण सांगतो. फार लहान बाळ दुखल्यावर रडेलच असे नाही. भुवयांमध्ये फुगवटा, घट्ट मिटलेले डोळे, नाकाच्या कडेने ओठापर्यंत उमटलेली खोल रेघ, ताणलेली बोटे, किंवा सगळे अंग एकाएकी सैल सोडून देणे, हेही दुखण्याचेच लक्षण असते. 'किती शहाणं आहे, रडत नाही' असे अशा बाळाबद्दल म्हटले जाते तेव्हा मला नेहमी काळजी वाटते.

रात्रपाळी (अधिपरिचारिका, एसएनसीयू)

दुधनाकाठ ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. बहिणीला सांगा की सुईची वेळ झाल्यावर नव्हे, तर आत घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, सिस्टर जरा मोकळ्या असताना बोलावे. "मला आत थांबू द्या" असे म्हटले की आम्हाला आमच्यावर लक्ष ठेवल्यासारखे वाटते. "सिस्टर, टोचताना मी बाळाला धरू का? कसं धरायचं ते मला शिकवा," असे म्हटले की ते मदतीसारखे वाटते. हात कोपरापर्यंत धुवावेत, बांगड्या-अंगठ्या काढून ठेवाव्यात, नखे कापलेली असावीत. आणि घेरी येत असेल तर लपवू नये, बसून धरावे. बाळाची प्रकृती अगदी नाजूक असेल आणि आम्ही तरीही बाहेर जायला सांगितले, तर त्या वेळी मात्र ऐकावे.

दुधनाकाठ (परभणी जिल्हा)

बऱ्याच आठवड्यांनी लिहिते आहे. बहिणीला चौतिसाव्या आठवड्यात दोन मुली झाल्या. थोरली १ किलो ९०० ग्रॅमची, धाकटी १ किलो ५५० ग्रॅमची. दोघी आता घरी आहेत.

रात्रपाळी ताईंनी सांगितलेले वाक्य मी बहिणीकडून जसेच्या तसे पाठ करून घेतले होते. पहिल्या सिस्टर म्हणाल्या की आमच्याकडे तशी पद्धत नाही, आणि बहीण गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिने संध्याकाळच्या पाळीतल्या सिस्टरांना तेच विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "या, पण हात धुऊन या." काविळीच्या तपासणीसाठी धाकटीचे रक्त घ्यायचे होते. बहिणीने तिचे गुडघे पोटाशी दुमडून एक तळवा पायांवर आणि एक डोक्यावर ठेवला, सिस्टरांनी वाटीतले दूध चमच्याने जिभेवर सोडले. नंतर बहीण मला म्हणाली की ती दोन मिनिटे फार लांब वाटली. सिस्टर सुई हातात घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि कोणी काही बोलत नव्हते. टोचल्यावर मुलीची पावले तिच्या तळहातावर जोराने दाबली गेली आणि मग हळूहळू सैल झाली.

त्याच वेळी थोरलीला पलीकडच्या वॉर्मरवर सुई लावायची होती आणि बहिणीचे हात धाकटीत अडकले होते. सिस्टरांनी दारातून माझ्या मेहुण्यांना हाक मारली. ते शेतातून तसेच आले होते. त्यांना दोनदा हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि थोरलीच्या डोक्यामागे कसा हात ठेवायचा ते दाखवले. सुई लावून झाली तरी ते तसेच उभे राहिले होते. शेवटी सिस्टरांनी त्यांना सांगितले, "दादा, झालं आता, पण थोडा वेळ राहू द्या हात, झोपू लागली आहे ती."